‘प्लक’चा अर्थ लावताना

प्रिय मित्रा,
सप्रेम आशीर्वाद.

जुन्या इंग्रजी मजकुराचं मराठी करायला बसलास आणि ‘प्लक’ या शब्दापाशी अडलास, ते बरंच झालं. कोशात ‘धैर्य’ असा अर्थ सापडतो आणि माणूस पुढे सरकतो. तू थांबलास, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कोश उघडण्याआधी समासात दोन नोंदी कर: मजकूर कोणत्या सालचा आहे आणि ते वाक्य कुणाच्या तोंडी आहे. ‘प्लक’चा अर्थ बहुतेक वेळा या दोन नोंदींवरच ठरतो.

मूळ क्रियापद हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतलं आहे. खुडणं, उपटणं, हिसका देऊन ओढणं, असा त्याचा अर्थ. फूल खुडायचं, कोंबडीची पिसं उपटायची, तंतुवाद्याची तार छेडायची, या सगळ्याला हेच क्रियापद. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला त्याचं नाम खाटकाच्या भाषेत दिसू लागतं. मेंढरू कापून उघडलं की श्वासनलिकेसकट जे एकत्र ओढून काढतात, म्हणजे हृदय, फुप्फुसं आणि यकृत, तो सगळा घड म्हणजे ‘प्लक’. ब्रिटनमधल्या कत्तलखान्यांत हा शब्द आजही चालतो. स्कॉटलंडचा हॅगिस हा पदार्थही मेंढीच्या प्लकमध्ये ओटचं भरड पीठ, चरबी आणि कांदा घालून करतात. जठर आणि आतडी या घडात येत नाहीत, त्यामुळे तिथे ‘वजडी’ लिहिलंस तर चुकेल.

आता तारखा बघ. सॅम्युअल जॉन्सन यांचा कोश १७५५ सालचा. त्यात ‘प्लक’ या नामाखाली ओढण्याची क्रिया आणि जनावराचं हृदय, यकृत, फुप्फुसं एवढंच मिळतं, धैर्य नाही. फ्रान्सिस ग्रोझ यांनी १७८५ मध्ये गावरान, रस्त्यावरच्या इंग्रजीचा कोश छापला. त्यात सरळ लिहिलं आहे: प्लक म्हणजे धैर्य, आणि ज्याच्यात प्लक नाही तो भित्रा. म्हणजे तीस वर्षांत अर्थ जन्मला, असं तुला वाटेल. तसं समजू नकोस. जॉन्सन मुख्यतः मान्यवर लेखकांच्या ग्रंथांतली भाषा वेचत होते, ग्रोझ बाजारातली आणि गुत्त्यातली. कोशातली पहिली तारीख ही शब्द कागदावर उतरल्याची असते. बोलीतला शब्द त्याआधी किती वर्षं तोंडात होता, ते तिच्यावरून कळत नाही. टिपण करताना ‘या साली अर्थ बदलला’ असं लिहू नकोस, ‘या सालापासून नोंद मिळते’ असं लिही.

हा अर्थ रुजला तो मुष्टियुद्धाच्या आखाड्यात. तेव्हा हातमोजे न घालता लढत. मार खाऊनही जो उभा राही, त्याच्या पोटात हृदय-काळीज शाबूत आहे, असं बघणारे म्हणत. त्यामुळे सुरुवातीला हा शब्द सभ्य घरात चालत नसे. कादंबरीकार वॉल्टर स्कॉट यांनी १८२७ मध्ये रोजनिशीत तो वापरला, पण गुंडांच्या तोंडचा शब्द असा शेरा मारूनच. पुढच्या काही दशकांत मात्र तो शाळांच्या मैदानांवर, सैन्यात, वर्तमानपत्रांत शिरला आणि ‘ब्रिटिश प्लक’ हा साम्राज्याच्या अभिमानाचा शब्द झाला. खाटकाच्या ओट्यावरून निघून शंभरेक वर्षांत इतक्या वर चढलेले शब्द थोडे. मला हा प्रवास फार मोलाचा वाटतो, कारण समाजातली वरची माणसं खालच्यांचे शब्द कसे उचलतात, ते यात उघड दिसतं.

अनुवादात घोटाळा नेमका कुठे होतो, ते सांगतो. सगळ्यात जास्त होतो तो ‘प्लक अप करेज’ या प्रयोगात. तिथे ‘प्लक’ क्रियापद आहे, धैर्याचा अर्थ ‘करेज’मध्ये आहे. ‘प्लक अप’ म्हणजे ओढून वर आणणं, गोळा करणं. शेक्सपिअरच्या ‘टेमिंग ऑफ द श्रू’मध्ये पेत्रुकिओ बायकोला याच क्रियापदाने उभारी धरायला सांगतो, आणि ते नाटक ग्रोझच्या कोशाआधी सुमारे दोनशे वर्षांचं आहे. म्हणून नामाचा अर्थ तिथे नेऊ नकोस. ‘धीर एकवटला’, ‘हिय्या केला’ यांनी ते काम चोख होतं.

दुसरा घोटाळा ‘प्लक्ड’चा. एकोणिसाव्या शतकातल्या विद्यापीठाच्या गोष्टीत एखादा तरुण ‘प्लक्ड’ झाला, तर तो परीक्षेत नापास झाला. त्याच काळात कुणाला ‘गुड-प्लक्ड’ म्हटलं, तर तो छातीचा माणूस. अर्थ अगदी उलट, आणि दोन्ही एकाच पुस्तकात सापडू शकतात. मागेपुढे परीक्षा, पदवी, प्राध्यापक आहेत का, ते बघूनच ठरव.

कोशातल्या अर्थांचा क्रमही नीट समजून घे. ऑक्सफर्डचा मोठा इंग्रजी कोश आणि मेरियम-वेब्स्टर अर्थ ऐतिहासिक क्रमाने देतात, म्हणजे पहिला अर्थ सर्वांत जुना. विद्यार्थ्यांसाठीचे कोश नेहमीच्या वापरातला अर्थ बहुधा आधी देतात. हे न बघता ‘पहिला अर्थ’ उचलला की गाडी घसरते. अर्थ निवडल्यावर त्याच वीसेक वर्षांतली पाच-सहा वाक्यं शोध आणि तुझा मराठी शब्द प्रत्येकात बसवून पाहा. दोन ठिकाणी अडला, तर अर्थ चुकला आहे किंवा शब्द तरी.

आजिंकोर्टच्या १४१५ च्या लढाईत फ्रेंच इंग्रज धनुर्धरांची बोटं छाटणार होते, आणि जिंकल्यावर धनुर्धरांनी तीच बोटं दाखवून ‘प्लक यू’ म्हणत त्यांना डिवचलं, ही इंटरनेटवर फिरणारी गोष्ट निव्वळ बनावट आहे. तळटीपेतही घेऊ नकोस.

मराठीत तुला ‘जिगर’ हा शब्द सुचेल, आणि तो जवळचा आहेच. फारसीत जिगर म्हणजे यकृत. आपणही अवयवावरूनच हिंमत मोजतो: छाती होत नाही, वाघाचं काळीज. क्रीडापानावर ‘जिगरबाज’ सहज येतो. पण अवयव जुळला म्हणून वजन जुळतंच असं नाही. ‘प्लकी’ हे विशेषण हळूहळू लहान, दुबळ्या, हरण्याची शक्यता असलेल्या बाजूला चिकटलं. १९१४ मध्ये जर्मन सैन्य बेल्जियममध्ये घुसलं, तेव्हा इंग्रजांच्या तोंडी ‘प्लकी लिट्ल बेल्जियम’ होतं. त्यात कौतुक आहे, आणि वरून खाली बघणंही आहे. आज एखाद्या सेनापतीला ‘प्लकी’ म्हटलं तर त्याला मान दिल्यासारखं वाटणार नाही. ‘जिगरबाज’मध्ये ती पाठ थोपटणारी छटा नाही. म्हणून विसाव्या शतकातल्या मजकुरात ‘एवढासा, पण हटला नाही’ अशी वाक्यरचनाच बदलून घे, एका शब्दाला एक शब्द शोधत बसू नकोस. आखाड्यातल्या मल्लासाठी ‘जिगर’ ठेव. १८५० नंतरचा शाळकरी मुलगा मित्राबद्दल बोलत असेल, तर ‘धमक’ लिही. मात्र मजकूर १७८५ च्या आधीचा असेल, तर धैर्याचा अर्थ धरण्याआधी वाक्यात कुठे खाटीक, स्वयंपाकी किंवा मेंढरू आहे का, ते तपासून घे.

तुझा,
एक जुना कोशवाचक