आयफोनला टाइप-सी पोर्ट ॲपलने स्वतःहून दिला की सरकारी सक्तीमुळे?

सक्तीमुळेच, आणि ती युरोपियन युनियनची. २०२२ मध्ये तिथे कायदा झाला: २८ डिसेंबर २०२४ पासून नवे मोबाइल, टॅबलेट, कॅमेरे विकायचे तर टाइप-सी हवंच. ॲपलने विरोध केला, पण सप्टेंबर २०२३ मध्ये आयफोन १५ टाइप-सी घेऊनच आला. आयपॅड प्रोला हा पोर्ट २०१८ पासून होता, त्यामुळे ‘जमत नव्हतं’ म्हणायला जागाच नाही. फक्त पोर्ट सारखा म्हणून वेगही सारखा समजू नका. साध्या आयफोन १५ ला डेटासाठी यूएसबी २ चाच वेग मिळतो, ४८० एमबीपीएस. १५ प्रोला १० जीबीपीएसपर्यंत, तोही वेगळी केबल विकत घेतली तर. डब्यातली यूएसबी २ चीच आहे.