शेवटच्या काळाची भविष्यवाणी इ.स. 70 मध्येच पूर्ण झाली का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चुलतभाऊ म्हणतो की येशूने शेवटच्या काळाबद्दल जे जे सांगितलं ते सगळं इ.स. 70 मध्ये पूर्ण झालं, त्याचं दुसरं येणंसुद्धा होऊन गेलं. पाळक म्हणतात, यातलं काहीच अजून घडलेलं नाही, महासंकट पुढे आहे आणि त्याआधी मंडळी वर उचलली जाईल. दोघंही मत्तयाचा चोविसावा अध्याय काढून दाखवतात. मग खरं कोणाचं, आणि यावरून मंडळी बदलायची का?

माझं मत आधी सांगतो. त्या अध्यायाचा मोठा भाग तुमच्या चुलतभावाला बरोबर कळलाय, आणि पाळकांनी त्याचं तेवढं ऐकून घ्यायला हवं. पण पुनरुत्थानही होऊन गेलं असं तो म्हणत असेल, तर तिथे तो ख्रिस्ती विश्वासाची वेस ओलांडतो. मी चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या मंडळीत वाढलो, बरीच वर्षं संडे स्कूलमध्ये मोठ्या मुलांना शिकवतोय, आणि हा प्रश्न मुलं दरवर्षी विचारतात. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

अध्यायाची सुरुवात नीट बघा. शिष्य येशूला मंदिराच्या इमारती दाखवतात आणि तो म्हणतो, इथे दगडावर दगड राहणार नाही. मग जैतुनांच्या डोंगरावर बसल्यावर ते विचारतात, हे कधी होणार? पुढचं सगळं बोलणं या प्रश्नातून निघतं, हे विसरलं की गाडी रुळावरून घसरते. हेच बोलणं लूकच्या एकविसाव्या अध्यायात आहे आणि तिथे खूण अगदी उघड दिलीय: यरुशलेमेला सैन्यांचा वेढा पडलेला पाहाल तेव्हा तिची ओसाडी जवळ आली असं समजा, आणि यहूदीयात असतील त्यांनी डोंगरांकडे पळून जावं. जगाचाच अंत होणार असेल तर डोंगरात पळून काय साधणार? ही सूचना एका विशिष्ट शहरातल्या, विशिष्ट काळातल्या माणसांना जीव वाचवण्यासाठी दिलेली आहे.

आणि तसंच घडलं. इ.स. 66 मध्ये यहूद्यांनी रोमविरुद्ध बंड केलं. सीरियाचा रोमन सुभेदार सेस्टियस गॅलस फौज घेऊन यरुशलेमेवर चालून आला, पार मंदिराच्या तटापर्यंत पोचला आणि अचानक माघारी वळला. का वळला, हे कोडं आजही सुटलेलं नाही. परतताना बेथ-होरोनच्या घाटात त्याच्या सैन्याची दाणादाण उडाली. चौथ्या शतकातला इतिहासकार युसेबियस लिहितो की यरुशलेमेतली ख्रिस्ती मंडळी युद्धाआधीच शहर सोडून यार्देनेपलीकडे पेल्ला गावी गेली. काही अभ्यासक या हकिकतीवर शंका घेतात, मला ती विश्वसनीय वाटते. पुढे इ.स. 70 मध्ये वल्हांडण सणाच्या सुमारास, शहर यात्रेकरूंनी गच्च भरलेलं असताना, रोमन सेनापती तीतसने वेढा घातला. आत काय झालं ते योसेफसने लिहून ठेवलंय. तो स्वतः यहूदी, आधी बंडखोरांचा सेनापती, नंतर रोमनांच्या छावणीत बसून सगळं पाहिलेला. शहराच्या आत यहूद्यांचेच तीन गट एकमेकांचे गळे कापत होते, धान्याची कोठारं त्यांनी आपसातल्या भांडणात जाळली. चामड्याचे पट्टे चावून खाण्यापर्यंत लोक आले. एका आईने आपलं तान्हं मूल भाजून खाल्लं, ही त्यातली सर्वांत भयंकर गोष्ट. मेलेल्यांचा त्याने दिलेला आकडा अकरा लाखांचा आहे. तो फुगवलेला आहे असं बहुतेक इतिहासकार मानतात, पण संहार प्रचंड होता यात दुमत नाही. ऑगस्टमध्ये मंदिर जळालं. रोममध्ये तीतसची कमान अजून उभी आहे आणि मंदिरातला सात फाट्यांचा दीपवृक्ष खांद्यावर घेऊन मिरवणारे सैनिक तिच्यावर कोरलेले आहेत.

येशू हे बोलला साधारण इ.स. 30 च्या सुमारास. मंदिर पडलं 70 मध्ये. म्हणजे चाळीस वर्षं, शास्त्राच्या हिशेबाने एक पिढी. आणि त्याने नेमकं हेच म्हटलं होतं की हे सगळं होईपर्यंत ही पिढी नाहीशी होणार नाही. इथे भविष्यवादी, म्हणजे हे सगळं अजून पुढे व्हायचंय असं मानणारे लोक, ‘ही पिढी’ म्हणजे यहूदी वंश, किंवा इस्राएल देश 1948 साली पुन्हा उभा राहिला तेव्हाची पिढी, असा अर्थ लावतात. मला ही ओढाताण वाटते. आदल्याच अध्यायात परूशी या यहूदी धर्मपुढाऱ्यांना फटकारताना येशू म्हणतो की नीतिमानांच्या रक्ताचा दोष या पिढीवर येईल. तिथे समोर उभ्या असलेल्या माणसांखेरीज दुसरा अर्थ कोणी घेत नाही. मग पान उलटल्यावर तो का बदलावा?

‘पण सूर्य अंधारला का? तारे पडले का?’ हा प्रश्न तुमचे पाळक विचारतील, आणि तो रास्त आहे. त्याचं उत्तर जुन्या करारात आहे. यशयाच्या तेराव्या अध्यायात बाबेलचा पाडाव सांगताना हीच भाषा येते: तारे प्रकाश देणार नाहीत, सूर्य उगवताच काळवंडेल. बाबेल पडलं, पण आकाशातला सूर्य जागेवरच होता. यशयाच्या एकोणिसाव्या अध्यायात परमेश्वर वेगवान मेघावर बसून मिसरात येतो, आणि त्याचा अर्थ मिसरावर न्यायाचा घाला पडतो एवढाच आहे. राज्यं कोसळतात तेव्हा संदेष्टे असंच बोलतात. मेघांवर येणारा मनुष्याचा पुत्र तर थेट दानीएलच्या सातव्या अध्यायातून उचललेला आहे, आणि तिथे तो पृथ्वीकडे उतरत नाही, पुराणपुरुषाकडे, म्हणजे देवाकडे, जातो, राज्याधिकार घ्यायला. प्रमुख याजकासमोर उभं असताना येशूने हेच वचन स्वतःबद्दल म्हटलं होतं. म्हणून माझ्यासारखे लोक म्हणतात की मंदिराचा नाश हा येशू खरोखर राजासनावर बसल्याचा जाहीर पुरावा होता.

या मताला अंशतः प्रीटरिस्ट म्हणतात, म्हणजे भविष्यवाण्यांचा मोठा भाग होऊन गेला असं मानणारं. अमेरिकेतले आर. सी. स्प्रोल यांच्यासारखे कट्टर सनातनी विचारांचे सुधारित परंपरेतले शिक्षकही या बाजूला होते. तेव्हा हे कुणा उदारमतवाद्याचं खूळ आहे असं कोणी म्हटलं तर मानू नका.

आता पाळकांची बाजू. ती कुठून आली हे कळलं तर त्यांच्यावर राग येणार नाही. सोळाव्या शतकातले धर्मसुधारक बायबलचं शेवटचं पुस्तक, प्रकटीकरण, वाचताना त्यात मंडळीचा सगळा इतिहास शोधायचे आणि पोपला ख्रिस्तविरोधी ठरवायचे. त्याला जेझुइट या कॅथलिक संघाच्या दोन स्पॅनिश धर्मगुरूंनी दोन उलट दिशांनी उत्तर दिलं. फ्रान्सिस्को रिबेराने 1590 च्या सुमारास लिहिलं की बहुतेक गोष्टी अगदी शेवटच्या काळात व्हायच्या आहेत. लुईस दे अल्काझारचं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर 1614 मध्ये आलं आणि त्यात बहुतेक गोष्टी पहिल्या शतकातच झाल्या असं होतं. म्हणजे तुमच्या घरातल्या वादाच्या दोन्ही बाजूंची मुळं एकाच संघात सापडतात. पण मंडळी गुप्तपणे उचलली जाईल, मग सात वर्षांचं महासंकट, मग हजार वर्षांचं राज्य, हा जो तक्ता आज शिकवतात तो एकोणिसाव्या शतकातल्या जॉन नेल्सन डार्बी यांचा. 1909 च्या स्कोफिल्ड बायबलने तो पानाखालच्या टिपांमधून घरोघर नेला. दानीएलच्या सत्तर सप्तकांपैकी (सप्तक म्हणजे सात वर्षांचा काळ) एकोणसत्तराव्या आणि सत्तराव्या सप्तकात दोन हजार वर्षांची फट आहे, यावर तो सगळा तोललेला आहे. वचनात ती फट मला तरी दिसत नाही.

आपल्याकडे येशू लवकर येतोय ही आस मिशनऱ्यांबरोबर आली. विदर्भ-खानदेशात काम केलेल्या अलायन्स मिशनचे संस्थापक ए. बी. सिम्पसन यांच्या चौपदरी सुवार्तेतलं चौथं पदच ‘येणारा राजा’ आहे. पुण्यात स्पायसर विद्यापीठ चालवणारे ॲडव्हेंटिस्ट हे तर त्या चळवळीचे वारस, जिने 22 ऑक्टोबर 1844 रोजी ख्रिस्ताची वाट पाहिली आणि जिला रडत घरी जावं लागलं. या लोकांची प्रभूवरची ओढ खरी होती. त्या ओढीतूनच महाराष्ट्रात शाळा आणि दवाखाने उभे राहिले, हे मी कधी विसरत नाही.

भविष्यवाद्यांचा एक मुद्दा मात्र मला जड वाटतो. दानीएलने सांगितलेला ओसाडी आणणारा अमंगळ पदार्थ इ.स.पूर्व 167 मध्ये एकदा मंदिरात आलाच होता, ग्रीक राजा अंतियुखसने तिथे परक्या देवाची वेदी उभारली तेव्हा. तरी येशू म्हणतो तो पुढे येणार आहे. म्हणजे एक भविष्यवाणी एकाहून अधिक वेळा पूर्ण होऊ शकते, मग इ.स. 70 नंतर आणखी एकदा का नाही? याला माझ्याकडे पक्कं खोडून काढणारं उत्तर नाही. मी एवढंच म्हणतो की पहिली पूर्तता नाकारून दुसरीबद्दल ठासून बोलू नये.

प्रकटीकरणाच्या बाबतीत मीही चुलतभावाइतका ठाम नाही. त्यात श्वापदाचा आकडा म्हणून दिलेल्या 666 चं गणित प्रीटरिस्टांच्या बाजूने आहे हे खरं. ‘नेरोन कैसर’ हे रोमन सम्राट नीरोचं नाव हिब्रू अक्षरांत लिहा आणि प्रत्येक अक्षराची किंमत मांडा: नून 50, रेश 200, वाव 6, नून 50, मग कोफ 100, सामेख 60, रेश 200. बेरीज बरोबर 666. लॅटिन वळणाने ‘नेरो’ म्हटलं की शेवटचा नून गळतो आणि 616 उरतात. इजिप्तमध्ये ऑक्झिरिंकस इथे सापडलेल्या एका जुन्या पपायरसवर खरोखर 616 हाच आकडा आहे. हे पाहिल्यावर बारकोड, लस आणि आधार कार्ड यांत श्वापदाची खूण शोधणारे व्हॉट्सॲपवरचे संदेश मी पुढे पाठवूच शकत नाही. करोनाच्या काळात अशा संदेशांना घाबरून लस टाळणारी म्हातारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांना घाबरवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

पण सगळं प्रकटीकरण इ.स. 70 च्या आधी लिहिलं गेलं, असं म्हणायला एक अडचण आहे. दुसऱ्या शतकातला बिशप इरेनियस सांगतो की हा दृष्टान्त रोमन सम्राट डोमिशियनच्या कारकिर्दीच्या अखेरीस पाहिला गेला, म्हणजे 95 च्या आसपास. त्याचं वाक्य दोन प्रकारे वाचता येतं हे प्रीटरिस्ट दाखवतात, तरी बहुतेक अभ्यासक उशिराचीच तारीख धरतात आणि मलाही तीच बरोबर वाटते. तेव्हा श्वापद म्हणजे रोमची सत्ता हे मी मानतो, पण सगळा ग्रंथ यरुशलेमेच्या पाडावात कोंबत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचं. पूर्ण प्रीटरिस्ट म्हणतात की दुसरं येणं, पुनरुत्थान, न्याय, सगळं 70 मध्ये आत्मिक रीतीने झालं. हे मला मान्य नाही, आणि इथे मी तडजोड करत नाही. मत्तयाच्याच अध्यायात बघा: ‘हे सर्व’ या पिढीत होईल म्हणून छातीठोक सांगणारा येशू लगेच पुढे ‘त्या दिवसाविषयी’ बोलतो, आणि म्हणतो की तो पित्याशिवाय कोणालाच ठाऊक नाही, पुत्रालाही नाही. एकाची मुदत त्याने सांगितली, दुसऱ्याची सांगितली नाही. त्या दोन गोष्टी एक कशा असतील? प्रेषितांच्या कृत्यांच्या पहिल्या अध्यायात तो जसा जाताना दिसला तसाच येईल असं देवदूत सांगतात. पौल तर तीमथ्याला लिहिताना हुमनाय आणि फिलेत यांची नावं घेऊन म्हणतो की पुनरुत्थान होऊन गेलं असं सांगून ते कित्येकांचा विश्वास उलथवून टाकतात. आपण प्रभुभोजन घेतो तेही ‘तो येईपर्यंत’. तो येऊन गेला असेल तर दर महिन्याला आपण वेदीजवळ काय करतो?

माझी आई गेली तेव्हा कबरीजवळ पाळकांनी करिंथकरांस पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय वाचला. शेवटचा शत्रू जो नाहीसा केला जाईल तो मृत्यू. माती लोटायला उभ्या असलेल्या माझ्या धाकट्या बहिणीला कोणी सांगितलं असतं की हा शत्रू एकोणीसशे वर्षांपूर्वीच हरला आणि आता यापुढे शरीरासाठी काही व्हायचं नाही, तर तिच्या हातात काय उरलं असतं? आपण दर रविवारी विश्वासांगीकारात म्हणतो की तो जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करायला येईल, आणि शरीराच्या पुनरुत्थानावर आपला विश्वास आहे. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, प्रोटेस्टंट, सगळे हे म्हणतात. हजार वर्षांबद्दल त्यांचं कधी जमलं नाही. इरेनियस ती खरीखुरी वर्षं धरायचा, ऑगस्टीन त्यांचा अर्थ मंडळीचा चालू काळ असा घ्यायचा, आणि दोघांनाही मंडळीने संत मानलं. पुनरुत्थानाबद्दल मात्र अशी सूट कधीच नव्हती.

म्हणून मंडळी बदलू नका. पाळकांचा तक्ता तुम्हाला पटला नाही तरी त्यांच्याबरोबर तुम्ही उपासना करू शकता, कारण तेही ख्रिस्ताचीच वाट पाहतायत. लूक 21 आणि मत्तय 24 शेजारी शेजारी ठेवून त्यांच्याशी बोला, एकेक वचन घेऊन, उपासनेनंतर चारचौघांत नाही तर त्यांच्या घरी. चुलतभावाला एकच विचारा: मेलेले उठायचे आहेत की नाहीत? ‘उठायचे आहेत’ म्हणाला तर बाकीच्या मतभेदांवर निवांत चहा घेत बोलत बसा. ‘उठून झाले’ म्हणाला, तर त्याला करिंथकरांसचा पंधरावा अध्याय तुमच्यासमोर मोठ्याने वाचायला सांगा, पहिल्या ओवीपासून शेवटपर्यंत, मध्ये व्हिडिओ न लावता.