गिअरबॉक्स उतरवण्याआधी आवाज कोणामागे धावतोय ते बघा

अमळनेरच्या भाऊंची तक्रार थोडक्यात अशी. डिझेल हॅचबॅक, १ लाख १० हजार किलोमीटर झालेली. ४५-५० चा वेग आला की बारीक 'कुंईं' सुरू होतं, ७० ला गाणी मोठी लावावी लागतात. क्लच दाबला तरी आवाज थांबत नाही. मिस्त्रीने गावात एक चक्कर मारली आणि 'गिअरबॉक्स गेला, उतरवावा लागेल' असं सांगून टाकलं. पुढच्या आठवड्यात कन्नड घाट चढून छत्रपती संभाजीनगरला लग्नाला जायचंय.

भाऊ, सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही शेवटी, सहज जाता जाता लिहिलीय: डावीकडच्या लांब वळणावर आवाज एकदम गेला आणि उजवीकडे वळताना वाढला. त्यावर येतोच. तोवर गिअरबॉक्सला हात लावू देऊ नका.

हे मी ठासून सांगतोय, कारण याच चुकीचे पैसे मी भरलेत. बारा-तेरा वर्षांपूर्वी माझ्या गाडीत असाच रडका आवाज होता. धुळ्यातल्या एका गॅरेजवाल्याने ऐकला, मान हलवली आणि गिअरबॉक्स खाली घेतला. चार दिवस गाडी तिथे. आतली बेअरिंगं बदलली, ऑइल बदललं, क्लचप्लेटही 'उघडलंच आहे तर' म्हणून नवी टाकली. गाडी घेऊन निघालो, फागण्यापर्यंत पोहोचलो नाही तोच तेच 'कुंईं'. पुढे एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे नेली. तो शेजारी बसला, काच खाली केली, दोन किलोमीटर काही बोललाच नाही. मग म्हणाला, "गिअरबॉक्सले हात नको लावू भाऊ, हाई चाक रडी ऱ्हायनं." खरंच चाकाचं बेअरिंग निघालं.

त्याने तेव्हा सांगितलेलं अजून वापरतो. आवाज कसा आहे यापेक्षा तो कोणामागे धावतो ते बघायचं. गाडी उभी असताना नुसती रेस दिली आणि आवाज चढला, तर तो इंजिनामागे धावतोय. उभ्या गाडीत चिडीचूप आणि वेग वाढेल तसा सूर वर जातोय, तर तो चाकामागे. स्टिअरिंग फिरवताना, त्यातही जागेवर पूर्ण वळवताना कण्हतोय, तर तो हातामागे.

हातामागचा आवाज जुन्या जीप, पिकअप, मोठ्या डिझेल गाड्यांत जास्त, कारण तिथे पॉवर स्टिअरिंगला तेलाचा पंप असतो. तेल कमी झालं किंवा पाइपातून हवा शिरली की पंप कण्हतो, डब्यातलं तेल फेसाळलेलं दिसतं. तुमच्यासारख्या बऱ्याच हॅचबॅकमध्ये स्टिअरिंग विजेच्या मोटरवर चालतं. तेलाचा डबाच नसेल तर हा मुद्दा सोडा.

इंजिनामागच्या आवाजात पहिला संशय पट्ट्यावर फिरणाऱ्या वस्तूंवर: अल्टरनेटर, पट्टा ताणून धरणाऱ्या टेन्शनरची पुली, एसीचा कॉम्प्रेसर. एसी चालू-बंद करून फरक पडतो का बघा. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक अल्टरनेटरच्या बॉडीवर आणि मूठ कानाच्या हाडाला टेकवली की खराब बेअरिंगची घरघर स्पष्ट ऐकू येते. पण ओढणी, उपरणं, सैल बाही फिरत्या पट्ट्याजवळ नको, हे घरच्या पोरांनाही सांगा. टर्बोची शिट्टी वेगळी असते. ती चढावर, पाय दाबल्यावर येते. नेहमीपेक्षा मोठी झाली आणि गाडीचा दमही कमी वाटला तर हवेचा पाइप सुटलाय किंवा फाटलाय का ते आधी बघा. आवाज नुसता स्पीकरमधूनच येत असेल आणि रेसबरोबर चढत असेल, तर ती टेपच्या वायरिंगची किंवा अर्थिंगची भानगड. त्यासाठी इंजिन उघडून घेणारे लोक मी पाहिलेत.

तुमचा आवाज उभ्या गाडीत येत नाही. म्हणजे वरचं बहुतेक सगळं बाद.

आता गिअरबॉक्स. गाडी उभी, न्यूट्रल, इंजिन चालू. क्लच सोडलेला असताना गुरगुर आणि दाबला की शांत, तर इनपुट शाफ्टचं, म्हणजे इंजिनाची ताकद गिअरबॉक्सात आणणाऱ्या दांड्याचं बेअरिंग. उलट, दाबल्यावरच सुरू होत असेल तर क्लचचं रिलीज बेअरिंग. एखाद्याच गिअरमध्ये रडत असेल तर त्या गिअरचे दाते. तुमच्याकडे यातलं काहीच नाही. तरी एक चाचणी करा: सपाट, मोकळा रस्ता बघून ६० ला न्यूट्रल करा, इंजिन चालूच ठेवा. इंजिनाचा आवाज खाली येईल, 'कुंईं' तसंच राहिलं तर इंजिन संशयातून सुटलं. चावी मात्र बंद करायची नाही, ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतात. आणि हा प्रयोग घाटात तर अजिबात नको.

इथे एक मेख आहे, आणि तुमचा मिस्त्री बहुधा तिथेच अडकलाय. न्यूट्रलमध्ये चाकांबरोबर गिअरबॉक्समधला डिफरेन्शियलही (डाव्या-उजव्या चाकाला ताकद वाटून देणारा गिअरचा संच) फिरतच असतो, म्हणून न्यूट्रलमध्ये आवाज राहिला की गिअरबॉक्स निर्दोष ठरला, असं होत नाही. पण डिफरेन्शियलला ओझं कळतं. एक्सलेटर दाबला की त्याचा सूर एक, पाय उचलला की दुसरा. चाकाच्या बेअरिंगला तुमच्या पायाशी घेणंदेणं नसतं, त्याला फक्त वेग आणि वजन कळतं.

वजन म्हणजेच तुमचं ते वळण. गाडी डावीकडे वळते तेव्हा भार उजव्या चाकांवर जातो, डावी हलकी होतात. डावीकडे वळताना आवाज गेला, म्हणजे हलकं झालेलं डावं बेअरिंग गप्प बसलं. उजवीकडे वाढला, म्हणजे त्याच्यावर ओझं आलं. डिझेलचं जड इंजिन पुढे असल्याने मी पुढच्या डाव्यापासून सुरुवात करीन, पण मागचंही तपासा. पत्र्यातून आवाज फसवतो, मागचा पुढून आल्यासारखा वाटतो.

बघायचं असं. सपाट जागा, मागच्या चाकांना दगड, जॅकवर चाक उचला आणि खाली स्टँड लावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर हात आत घालू नका. न्यूट्रल करा. एका हाताने चाक जोरात फिरवा आणि दुसरा हात शॉकअपच्या स्प्रिंगवर नुसता टेकवून ठेवा. चांगल्या बेअरिंगला स्प्रिंग शांत लागते. खराब असेल तर तळहाताला बारीक खरखर येते, जात्यात कोरडी डाळ भरडताना खुंट्याला येते तशी. मग दुसऱ्या बाजूला तेच करा, म्हणजे फरक कळेल. चाक वर-खाली धरून हलवायची चाचणी सगळे करतात, पण बेअरिंग प्ले, म्हणजे ढिलेपणा, दाखवायच्या कितीतरी आधी रडायला लागतं. 'प्ले नाही, म्हणजे बेअरिंग ठीक' हे ऐकून घेऊ नका.

त्याच वेळी टायरवरून तळहात पुढे-मागे फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट्या दिशेने कानशीसारखं टोचलं, तर टायर करवतीसारखा झिजलाय. तोही हुबेहूब बेअरिंगसारखा घुमतो, आणि इथे बेअरिंगवाले सुद्धा फसतात. फरक रस्त्यावर कळतो: काँक्रीट संपून डांबर लागलं की टायरचा आवाज बदलतो, बेअरिंगचा सहसा तोच राहतो. तरी शंका असेल तर पुढचे टायर मागे टाका. आवाजही मागे गेला तर एक पैसा बेअरिंगवर घालवू नका, अलाइनमेंट करा.

आपल्याकडे बेअरिंगं का जातात, तर काळ्या मातीचा चिखल आणि वॉशिंग सेंटरची पाण्याची जोरदार धार. पावसाळ्यात शेतरस्त्याने गाडी नेली की हबपाशी गाळ बसतो, आपण हौसेने प्रेशरने धुतो, पाणी सीलच्या आत शिरतं आणि ग्रीस धुऊन निघतं.

बदलायचंच ठरलं तर प्रेस मशीन असलेल्याकडेच जा. हातोडीने ठोकून बसवलेलं बेअरिंग नवं असतानाच मार खातं आणि काही महिन्यांत परत रडतं. एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा) असेल तर बऱ्याच गाड्यांत बेअरिंगच्या एका बाजूला चुंबकाची रिंग असते. काही लोखंडी वस्तू, अगदी पिन जवळ नेली की कुठली बाजू ते कळतं. ती सेन्सरकडे यायला हवी, उलटी बसली की डॅशबोर्डवर दिवा पेटतो आणि पुन्हा सगळं उघडावं लागतं. एक्सलचा नट नवा घ्या, ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या टॉर्क पान्ह्याने आवळायला सांगा, आणि तो आवळल्याशिवाय गाडीचं वजन त्या चाकावर टाकू देऊ नका.

हे सगळं करून बेअरिंग आणि टायर दोन्ही साफ निघाले, तरी लगेच गिअरबॉक्स उतरवायचा नाही. आधी त्याचं ऑइल काढा. एक्सलच्या सीलमधून गळून ते कमी झालेलं असू शकतं. ड्रेन नटच्या चुंबकावर काळसर लेप असेल तर चालतंय, बोटांत धातूचे कपचे लागले तरच मिस्त्रीचं म्हणणं खरं.

लग्नाबद्दल: एवढ्या आवाजावर पारोळ्यापर्यंत जाऊन याल, पण कन्नड घाट भरल्या गाडीने नको. बेअरिंग फार पुढे गेलेलं असेल तर चाकच अडकतं किंवा डगमगतं. तोवर काम झालं नाही तर चाळीसगावहून एसटी पकडा. स्प्रिंगवर हात ठेवल्यावर डाव्या-उजव्यात काय फरक लागला ते मात्र कळवा, त्यावरून मागच्या चाकांचं सांगतो.