चप्पल हा शब्द बदलू नकोस

बाळा,

रविवारी तुम्ही गेल्यावर चहाचे कप तसेच ठेवून मी बराच वेळ पेटीसमोर बसून होते. तुझे बाबा तासभर बोलत होते. म्युझिक कंपनीशी तीन वर्षांचा करार, गणपतीतल्या अकरा सुपाऱ्या, नवरात्र, कुठल्या जुन्या गाण्याचं कव्हर, म्हणजे तेच गाणं तुझ्या आवाजात, आधी टाकायचं, कुणाबरोबर टाकायचं. तू गप्प होतीस. ते फोन घ्यायला गॅलरीत गेले आणि तू तुझा मोबाइल माझ्या कानाशी धरलास. चाळीस सेकंद. मागे पंखा, खाली कुत्रं भुंकतंय, आणि तू अगदी हळू, शेजारच्या खोलीत कुणी झोपलंय अशा बेताने गातेयस:

जिन्यात वाजते चप्पल तुझी,
शिट्ट्या मी कुकरच्या मोजते अजून.

लगेच फोन काढून घेतलास. म्हणालीस, "असंच केलंय ताई. कुणाला सांगू नका." त्या कंपनीच्या माणसाला एकदा ऐकवलंस तर तो म्हणाला, चाल बरी आहे, पण चप्पल काढा, पैंजण घाला. आणि तू मला विचारलंस, घालू का?

त्या प्रश्नाने माझी झोप गेली आहे. म्हणून हे पत्र.

तुझा आवाज चांगला आहे, मेहनत घे, पाय जमिनीवर ठेव, हे मी लिहिणार नाही. आवाज महाराष्ट्राने ऐकलाय आणि मेहनत तू माझ्यासमोर केलीयेस. मला एकच विचारायचंय, आणि ते मी या पत्रात पुन्हा पुन्हा विचारणार आहे, कंटाळलीस तरी: तुझं स्वतःचं गाणं कुठे आहे?

पाच महिने तू टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत काय केलंस ते बघ. दर आठवड्याला लोकांना पाठ असलेलं गाणं घेतलंस, दोन मिनिटांत कापून बसवलंस, आणि लोकांच्या मनात ते आधीच जिथे होतं तिथे नेऊन ठेवलंस. ते सोपं नाही, मी जाणते. पण टाळ्यांतल्या अर्ध्या त्या गाण्याच्या असतात. मुखडा सुरू होताच, तू पहिला सूर लावायच्या आत ज्या टाळ्या पडतात, त्या कुणाच्या? दुसऱ्या कुणीतरी, दुसऱ्या कुणाच्या चालीवर, चाळीस वर्षांपूर्वी मिळवलेल्या. कार्यक्रम असतो तोवर हे कळत नाही. तो संपला, पुढच्या वर्षीची मुलं आली, आणि तीच गाणी ती गायला लागली, की कळतं.

समोर परीक्षक म्हणून जे बसतात, ते तिथे कसे पोचले याचा विचार केलास कधी? 2008-09 मध्ये मराठी सारेगमपच्या लिटिल चॅम्प्सनी घराघरातले सोमवार-मंगळवार बांधून ठेवले होते. त्या पाच मुलांसमोर अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत बसले होते. त्यांना ती खुर्ची मिळण्याआधी, 2002 मध्ये 'ऐका दाजीबा' आलं होतं. सिनेमा नाही, मालिका नाही, नुसता एक अल्बम. गाणं त्यांचं होतं. आता कुठल्याही लग्नाच्या वरातीत ते वाजलं की ते त्यांचंच असतं.

तुझे बाबा म्हणाले, सोनू निगमनेही सुरुवात रफीसाहेबांच्या गाण्यांनीच केली. केली ना. पण नुसतं तेच करत राहिला असता तर आज त्याचं उदाहरण कुणी दिलं असतं का? त्याला सिनेमातली स्वतःची गाणी मिळाली, 1999 मध्ये त्याने 'दीवाना' हा पॉप अल्बम केला. पहिल्या इंडियन आयडॉलच्या वेळी तो परीक्षकाच्या खुर्चीत होता.

आणि ज्याने ती स्पर्धा जिंकली, तो आपला मुंबईचा अभिजीत सावंत. मार्च 2005. तेव्हा मतं एसएमएसने जायची, आमच्या इमारतीत लोकांनी रिचार्ज मारून मारून मतं दिली होती. त्याच वर्षी त्याचा अल्बम आला. आता इतक्या वर्षांनी त्याचं नाव निघालं की लोकांच्या ओठांवर त्या अल्बममधलं त्याचं गाणं येतं. स्पर्धेत त्याने किती सुंदर गाणी म्हटली असतील, त्यातली चार मला सांग. नाही सांगता येणार. मलाही येत नाहीत, आणि मी एकही भाग चुकवला नव्हता.

आता माझं ऐक. हे मी क्लासमध्ये कधी बोलले नाही.

1987 मध्ये मी चोवीस वर्षांची होते आणि ऑर्केस्ट्रात आशाबाईंची गाणी म्हणायची. शिवाजी मंदिर, गडकरी रंगायतन, गणपतीत चाळींची पटांगणं. जाहिरातीत माझं नाव बारीक आणि "हुबेहूब आवाज" मोठ्या अक्षरांत. एका नाइटचे दीडशे रुपये. जुन्या गाण्यांच्या व्हर्जन कॅसेटची लाट होती. मूळ गाणं येऊन दोन वर्षं झाली की ठरलेली रॉयल्टी भरून दुसऱ्याच्या आवाजात ते काढायला कायद्यात वाट होती. त्या वाटेने कंपन्या गेल्या, आणि माझ्यासारखे आवाज त्यांनी बरोबर नेले. एका कंपनीसाठी मी दोन दिवसांत सोळा गाणी गायले. सातशे रुपये एकरकमी. नंतर ती कॅसेट रिक्षांमध्ये वाजायची. मी मागे बसलेली असायचे आणि रिक्षावाल्याला माहीत नसायचं.

आमच्यात एक अ‍ॅकॉर्डियन वाजवणारा होता. त्याने माझ्यासाठी एक गाणं केलं. माझ्या आवाजासाठी, आशाबाईंच्या नव्हे. माझ्या खर्जात एक खरखर आहे, ती झाकायला मी वर्षानुवर्षं शिकले होते. त्याने मुखडाच तिथे ठेवला होता. लालबागला त्याच्या खोलीत टू-इन-वनवर आम्ही ते कच्चं टेप केलं. मागे कुणीतरी नळाखाली हंडा भरतंय. तो हंडा भरत जाताना त्याचा आवाज बारीक होत जातो आणि नेमका अंतऱ्याला बंद होतो. मला तो अजून तसाच्या तसा ऐकू येतो.

त्याने स्वतःच्या पैशाने स्टुडिओचे चार तास घेतले. मी तारीख पुढे ढकलली, कारण त्या दिवशी नाइट आली. दुसऱ्यांदा ढकलली. तिसऱ्यांदाही. चौथ्यांदा त्याने विचारलं नाही, तो मस्कतला नोकरीला गेला. कच्ची टेप माझ्याकडे राहिली. एक दिवस प्लेअरने ती खाल्ली, मी पेन्सिल घालून गुंडाळायचा प्रयत्न केला, आणि बरोब्बर मुखड्यापाशी ती तुटली.

मी चुकले असं मला कुणी म्हणू नये. वडिलांची गिरणी 1982 च्या संपानंतर उघडलीच नाही. घरात पाच माणसं होती, त्या दीडशे रुपयांचा रेशनवर, भावाच्या फीवर हिशोब होता. ज्या बाईने आठवड्याला चार नाइट करून घर उभं ठेवलं, तिला कलेची चाड नव्हती असं म्हणायचा अधिकार फार थोड्यांना आहे. पण चार तास होते, बाळा. इतक्या वर्षांत चार तास मला काढता आले असते. पैसा आडवा आला हे मी लोकांना सांगते, आणि ते खरंही आहे. त्यामागचं खरं असं की मी घाबरले होते. आशाबाईंचं गाणं पडलं तर दोष आवाजाला जात नाही, लोक म्हणतात मूळची सर कुठून येणार. माझं गाणं पडलं असतं तर मी पडले असते.

तू घाबरलीयेस. फोन कानावरून ज्या घाईने काढलास, त्यावरून मला कळलं.

आता कराराचं. बाबांना वाईट वाटेल, पण तो कागद मी तीनदा वाचला. गाणी कंपनी निवडणार, कव्हर कंपनी ठरवणार, आणि करारकाळात तू जे काही लिहिशील किंवा चाल लावशील तेही त्यांचं. हे शेवटचं वाक्य पान सातवर आहे. सही करायच्या आधी एखाद्या वकिलाला दाखवा, ओळखीच्या एजंटला नव्हे. 2012 च्या कायद्यातल्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतला हिस्सा असा सही करून देऊन टाकता येत नाही. गायकांनाही कलाकार म्हणून रॉयल्टीचा हक्क मिळाला. साठच्या दशकात लताबाईंनी गायकांच्या रॉयल्टीचा आग्रह धरला तेव्हा रफीसाहेबांशी त्यांचा अबोला झाला होता, इतका हा जुना झगडा आहे. पण हिस्सा गीतकाराला, संगीतकाराला मिळतो तो त्याने काही केलेलं असलं तर! तू शंभर कव्हर टाकलीस तरी शब्द तुझे नाहीत, चाल तुझी नाही. यूट्यूबची यंत्रणा गाणं ओळखते आणि जाहिरातीचे पैसे बहुतेकदा मूळ मालकाकडे वळतात. चाळीस सेकंदांचा तो मुखडा मात्र तुझा आहे. पूर्ण कर, तुझ्या नावावर नोंदव, आयपीआरएस, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था, तिची सभासद हो. मग कुठलाही करार वाच.

त्या अमेरिकन मुलीची गोष्ट तुला एकदा सांगितली होती, तू तेव्हा लहान होतीस. केली क्लार्कसन. टेक्सासची. 2002 मध्ये त्यांच्या आयडॉलची पहिली स्पर्धा जिंकली. तिने सोळाव्या वर्षी आई-वडिलांच्या घटस्फोटावर एक गाणं लिहायला घेतलं होतं. पहिल्या अल्बमच्या वेळी कंपनीने ते नाकारलं. तिने ते टाकून दिलं नाही. दुसऱ्या अल्बममध्ये, 2004 च्या 'ब्रेकअवे'मध्ये, आणखी दोघांबरोबर ते पुरं करून घेतलं, आणि ते जगभर गाजलं. त्या अल्बमला 2006 मध्ये ग्रॅमी मिळालं. 2007 च्या अल्बममध्ये तिने स्वतःच लिहिलेली गाणी घ्यायचा हट्ट धरला, कंपनीच्या प्रमुखाशी जाहीर बिनसलं आणि खपही आधीपेक्षा कमी झाला. हे मी लपवत नाही. स्वतःच्या गाण्याची किंमत पडते. पण ती अजून उभी आहे, आणि "आयडॉल जिंकलेली मुलगी" म्हणून नाही.

आणि अरिजित सिंग? 2005 च्या फेम गुरुकुल या टीव्हीवरच्या स्पर्धेत तो जिंकला नव्हता. पुढची कित्येक वर्षं तो संगीतकारांच्या हाताखाली प्रोग्रॅमिंग करत होता. गाणं आतून कसं बांधतात ते शिकत होता. लोकांना तो 2013 मध्ये कळला. तू पाचवी आलीस म्हणून गेला महिनाभर रडतेयस, त्याबद्दल मला एवढंच म्हणायचंय.

सुपाऱ्या घेऊ नकोस असं मी म्हणत नाही. घे. घराचे हप्ते आहेत, आई रात्रपाळी करते, पैसा लागतो आणि तो कमावण्यात कमीपणा नाही. अकराच्या अकरा कर. पण प्रत्येक कार्यक्रमात तिसरं गाणं तुझं. शेवटचं नाही, शेवटाला लोक पार्किंगकडे निघालेले असतात. पहिलंही नाही, तेव्हा साउंडवाल्याचा माइक बसत असतो. तिसरं. मायनस ट्रॅकशिवाय, म्हणजे आधी भरून ठेवलेल्या वाद्यांशिवाय, एका गिटारवर किंवा नुसत्या पेटीवर. पहिल्या चार ठिकाणी लोक मोबाइल बघतील. आयोजक नंतर म्हणेल, मॅडम, ते मधलं काढा. काढायचं नाही. आठव्या-नवव्या ठिकाणी पुढच्या रांगेतली एखादी बाई मान वर करेल, जिला जिन्यातली चप्पल ओळखता येते. त्या दिवशी मला फोन कर, कितीही वाजले असले तरी.

आता त्या शब्दाचं. पैंजण घालायचं नाही. तुझी आई पैंजण घालत नाही. ती रात्रपाळीहून सकाळी पावणेदहाच्या सुमारास, पाय दुखत असताना, डाव्या पायातली चप्पल जरा फरफटत तीन मजले चढते, आणि तू सहा वर्षांची असल्यापासून त्या आवाजावर कुकरखालचा गॅस बंद करतेस. हे मला माहीत आहे, कारण तू क्लासला उशिरा यायचीस तेव्हा हेच कारण सांगायचीस. पैंजण म्हटलंस की ती बाई दुसरी कुणीतरी झाली. ज्या माणसाने पैंजण सुचवलं त्याला तुझं गाणं नकोय, त्याला आधी ऐकलेलं गाणं पुन्हा हवंय.

त्याला खटकलं ते काही अगदीच खोटं नाही, फक्त त्याने बोट चुकीच्या जागी ठेवलं. मी पेटीवर बसून बघितलं. "चप्पल"वर तू लांब सूर धरलायस, आणि जोडाक्षरावर सूर धरता येत नाही, प वर ओठ मिटतात आणि आवाज कापला जातो. म्हणून तो शब्द आपटल्यासारखा वाटतो. चप्पल पटकन टाकून दे, बोलल्यासारखी, आणि तो लांब सूर पुढे "तुझी"च्या ईकारावर ने. तिथे हवा तेवढा वेळ थांबता येतं. पेटीच्या काळी चार पट्टीत ते तुला जड जाईल, अर्धी पट्टी खाली घेऊन बघ. दुसऱ्या ओळीत "अजून" आहे, तिथे मींड घेऊ नकोस, सूर घसरवत नेऊ नकोस, सरळ म्हण.

गुरुवारी दुपारी दोन ते चार मी मोकळी आहे. लहान मुलांची बॅच मी शुक्रवारवर टाकलीय. वही आण, अंतरा झाला नसला तरी ये. आणि आईची सुट्टी असेल तर तिलाही घेऊन ये, तिने अजून ते ऐकलेलं नाही असं तू म्हणालीस.

तुझी
ताई