पंचेचाळीस मोठे गायक एका रात्रीत एक गाणं कसं रेकॉर्ड करतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आफ्रिकेतल्या, मुख्यतः इथिओपियातल्या, दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठी अमेरिकन गायकांनी केलेलं ‘वी आर द वर्ल्ड’ हे गाणं एका रात्रीत झालं म्हणतात. एवढे नामवंत गायक, प्रत्येकाची पट्टी वेगळी, कंपनी वेगळी. मग कुठली ओळ कोणी गायची हे ठरतं कसं, आणि पैसा खरंच मदतीला जातो का?

‘एका रात्रीत’ हेच मुळात फसवं आहे. २८ जानेवारी १९८५ च्या रात्री लॉस एंजेलिसच्या ए अँड एम स्टुडिओत फक्त आवाज भरले गेले. लायनेल रिची आणि मायकल जॅक्सन यांचं गाणं लिहून तयार होतं. ड्रम, बेस, कीबोर्डचा ट्रॅक २२ जानेवारीला दुसऱ्या स्टुडिओत, लायन शेअरला, वाजवून झाला होता. त्यावर कच्चा आवाज भरून कॅसेट काढल्या, प्रत्येक कॅसेटवर क्रमांक घातला आणि त्या गायकांना पाठवल्या. सोबत निर्माता क्विन्सी जोन्सचं पत्र: कॉपी करू नका, २८ च्या रात्री कॅसेट परत आणा. क्रमांक अशासाठी की गाणं बाहेर फुटलंच तर कुणाच्या हातून फुटलं ते कळावं. जागेचा पत्ताही असाच झाकून ठेवला होता, कारण दारात गर्दी दिसली की मोठा गायक गाडीतून न उतरताच परत जातो.

तारीखही सहज पडलेली नव्हती. अशा कामात पैशापेक्षा तारखा जुळवणं महाग पडतं. त्या संध्याकाळी त्याच शहरात अमेरिकन म्युझिक अवॉर्ड्सचा सोहळा होता, निम्मी मंडळी तिथे येणारच होती आणि सूत्रसंचालन खुद्द रिचीकडे होतं. कल्पना गायक हॅरी बेलाफॉन्टे यांची, जुळवाजुळव केन क्रेगन या मॅनेजरची. त्यानं हिशेब साधा ठेवला: लोकांना बोलवायचं नाही, ते आधीच जिथे जमणार आहेत तिथून उचलायचं.

आता ओळींची वाटणी. एकट्यानं ओळ गाणारे २१ जण होते, बाकीचे समूहात. ही वाटणी टॉम बाहलर या व्होकल अरेंजरनं, म्हणजे आवाजांची मांडणी करणाऱ्यानं, जोन्सबरोबर बसून आधीच कागदावर केली. गाणं पांढरी तीनमध्ये, म्हणजे ई मेजरमध्ये, सुरू होतं आणि शेवटाकडे अर्धा स्वर चढून पांढरी चारवर जातं. प्रत्येकासाठी पट्टी बदलता येत नाही, त्यामुळे उलट बाजूनं जावं लागतं: या पट्टीत ही ओळ कुणाच्या गळ्यात सहज बसते? कुणाला मंद्राकडची, म्हणजे खालच्या सुरांची, ओळ द्यायची, कुणाला तार सप्तकाकडची, म्हणजे वरच्या सुरांची, कुणाला चालीत थोडं फिरायला मोकळीक ठेवायची.

दुसरा निकष शेजाराचा. सारखे आवाज लागोपाठ आले की गायक बदलला हे रेडिओवर ऐकणाऱ्याला कळतच नाही, आणि असं गाणं सगळं त्या कळण्यावर चालतं. डायॉन वॉर्विकचा मऊ आवाज संपतो तिथे विली नेल्सनचा नाकातला सूर येतो. स्प्रिंगस्टीन घसा ताणून गातो, त्याच्या मागोमाग केनी लॉगिन्स स्वच्छ गातो, मग स्टीव्ह पेरी वर चढतो. हा क्रम नुसता कान देऊन दोनदा ऐका, वाटणी किती हिशेबानं केली आहे ते कळेल.

न येणाऱ्याची सोयही ठेवावी लागते. गायक प्रिन्स येणार म्हणून त्याच्यासाठी ओळ राखून ठेवली होती. तो आला नाही, आणि ती ओळ ह्युई लुईसकडे गेली. याच्या दोन महिने आधी लंडनमध्येही हेच झालं होतं. बॉब गेल्डॉफ आणि मिज यूर या गायकांनी त्याच दुष्काळासाठी ‘बँड एड’ या नावानं केलेल्या ‘डू दे नो इट्स ख्रिसमस?’ या गाण्याच्या पहिल्या ओळी डेव्हिड बोवीसाठी होत्या, गायल्या पॉल यंगनं. तेव्हा मोठ्या नावासाठी ओळ राखायची असेल तर अशीच राखावी, जी दुसऱ्या कुणाच्या गळ्यातही बसेल.

लंडनची पद्धत मात्र अगदी वेगळी होती, आणि या प्रश्नात मला ती तुलनाच जास्त मोलाची वाटते. नॉटिंग हिलमधला सार्म वेस्ट स्टुडिओ निर्माता ट्रेव्हर हॉर्ननं २४ तासांसाठी फुकट दिला होता, तारीख २५ नोव्हेंबर १९८४. वाद्यांचा बराचसा भाग यूरनं घरच्या स्टुडिओत आधीच बांधून आणला होता. सगळ्यांचा एकत्र फोटो आणि शेवटचा समूहघोष आधी उरकला. मग यूरनं मुख्य गायकांना एकेक करून माइकपुढे उभं केलं आणि गाणं सलग गाऊन घेतलं. पहिला नंबर टोनी हॅडलीचा, बाकीच्यांच्या देखत. कोणाची कुठली ओळ ठेवायची हे नंतर टेपवरून निवडलं. बॉय जॉर्ज न्यूयॉर्कहून कॉंकॉर्ड विमानानं निघून संध्याकाळी पोचला, तरी काही अडलं नाही, कारण उशिरा येणाऱ्याचा आवाज या पद्धतीत शेवटी जोडता येतो. तोटा असा की निवडीचा सगळा बोजा एका माणसावर येतो. यूर त्या रात्री मिक्सिंगला, म्हणजे सगळे आवाज एकत्र जुळवायला, बसला तो सकाळपर्यंत. शिवाय गाऊन गेलेल्याला आपली कुठली ओळ राहिली हे रेकॉर्ड ऐकल्यावरच कळतं.

लॉस एंजेलिसमध्ये वाटणी आधी झालेली असल्यानं तसं करायची गरज नव्हती. आधी समूह घेतला. जमिनीवर प्रत्येकाच्या नावाची चिकटपट्टी लावली होती, त्यामुळे कुणाशेजारी कोण हा वाद निघालाच नाही. दारावर जोन्सनं लिहिलेली पाटी होती: अहंकार बाहेर ठेवून आत या. तिचं कौतुक फार होतं, पण माझ्या मते खरं काम पाटीपेक्षा चिकटपट्टीनं केलं.

समूह आधी घेण्याची कारणं अगदी व्यवहाराची आहेत. गळा ताजा असतो, सगळे हजर असतात, आणि ज्याची एकट्याची ओळ नाही तो मोकळा होतो. अडचण एकसुरात गाताना येते. चाल एकाच उंचीवर धरायची तर खर्जातल्या पुरुषांना वरचे स्वर झेपत नाहीत. त्या रात्रीच्या चित्रणात गायक बॉब डिलनचे ओठ जेमतेम हलताना दिसतात ते यामुळेच. अशा वेळी न झेपणाऱ्यानं गप्प राहावं. ओढून लावलेला एक बेसूर आवाज चाळीस जणांतूनही ऐकू येतो, आणि मिक्सिंगमध्ये तो वेगळा काढता येत नाही, कारण तो सगळ्यांच्याच माइकमध्ये शिरलेला असतो.

एकच गोष्ट ठरवायची राहून गेली होती, ती म्हणजे एका जागचे शब्द. स्टीव्ही वंडरनं मध्यरात्रीनंतर सुचवलं की तिथे स्वाहिली ओळ घालू. चर्चा सुरू झाली. इथिओपियात स्वाहिली बोलत नाहीत हे पुढे आलं, आणि थकलेल्या चाळीस-पंचेचाळीस माणसांसमोर शब्दांचा काथ्याकूट होऊन बसला. शेवटी इंग्रजीच ठेवलं. शब्द कागदावर पक्के झाल्याशिवाय गायकांना बोलावू नये, ते यासाठी.

मग एकेकट्याच्या ओळी. प्रत्येकाला काचेच्या खोलीत वेगळं घेतलं असतं तर दुपार झाली असती. म्हणून गायकांना माइकसमोर नालाच्या आकारात उभं करून क्रमानं गाऊन घेतलं. वेळ वाचतो, आणि आधीच्यानं जिथे सोडलं तिथून पुढचा उचलतो. पण माइक उघडे असले की सगळंच आत येतं. सिंडी लॉपर गाताना ट्रॅकवर कुणी कुजबुजल्यासारखा आवाज यायला लागला. शोधलं तर तो तिच्याच माळा-बांगड्यांचा निघाला. ते सगळं काढून ठेवलं आणि ओळ परत घेतली. असा आवाज गाण्याच्याच वारंवारतेत बसत असल्यानं फिल्टर लावून जात नाही. हेडफोनमधून झिरपणारा ट्रॅक, लाकडी पायऱ्यांवरचा पायाचा ठेका, हातातला कागद, हे त्याच जातीचे शत्रू.

डिलनला आपली ओळ कशी म्हणावी हेच उमगेना. वंडर पियानोवर बसला आणि त्यानं ती हुबेहूब डिलनच्या ढंगात गाऊन दाखवली. आसपासची गर्दी कमी केली, आणि मग जमलं. गायकाला ‘तुमच्या पद्धतीनं म्हणा’ सांगून भागत नाही, त्याची पद्धत या चालीवर कशी दिसते ते कधीकधी दाखवावं लागतं. शेवटची माणसं बाहेर पडली तेव्हा सकाळचे आठ वाजत आले होते.

आता पैशाचं. रेकॉर्डच्या किमतीत दुकानदार, वितरक, कंपनी, गीतकार-संगीतकार, निर्माता, गायक आणि सरकार असे वाटेकरी असतात. नुसतं ‘गायकांनी मानधन घेतलं नाही’ म्हटलं तर त्यातला एकच वाटा सुटतो. शिवाय बहुतेक गायक आपापल्या कंपनीशी करारानं बांधलेले असतात, दुसऱ्या कंपनीच्या रेकॉर्डवर गायला लेखी परवानगी लागते. ती रेकॉर्डिंगच्या आधी हातात हवी. गाणं गाजल्यावर कोणीही ती सहज देत नाही.

लंडनला सगळे वाटे सुटले, अडला तो सरकारचा. ब्रिटनच्या थॅचर सरकारनं रेकॉर्डवरचा व्हॅट माफ करायला आधी नकार दिला, बोंब झाल्यावर तेवढीच रक्कम देणगी म्हणून परत दिली. गेल्डॉफची अपेक्षा ७० हजार पौंडांची होती. वर्षभरात जमले ८० लाख. ‘वी आर द वर्ल्ड’ ७ मार्च १९८५ ला बाजारात आलं, पहिल्या आठ लाख प्रती पहिल्याच शनिवार-रविवारी संपल्या, आणि पुढे गाणं, अल्बम व इतर विक्री मिळून सहा कोटी डॉलरच्या वर रक्कम उभी राहिली. त्यातले ९० टक्के आफ्रिकेसाठी आणि १० टक्के अमेरिकेतल्याच भुकेल्या-बेघरांसाठी, हे प्रमाण आधीच जाहीर केलेलं होतं.

पैसा पोचला का, हा तुमचा शेवटचा मुद्दा. पोचला, पण धान्य घेण्याइतकंच धान्य हलवणं अवघड निघालं. माल बंदरात येऊन पडायचा आणि पुढे न्यायला वाहतूकदार अव्वाच्या सव्वा भाडं मागायचे. म्हणून बँड एडच्या ट्रस्टनं गाण्याच्या पैशातून स्वतःचे ट्रक विकत घेतले.