आधी हेल्मेट, मग गाडी

भावा, पहिली बाइक घेतोयस म्हणून एक सांगतो, गाडीच्या बजेटमधून आठ-दहा हजार आधीच बाजूला काढ, हेल्मेट-ग्लोव्हज अशा रायडिंग गिअरसाठी, नंतर घेऊ म्हटलं की राहूनच जातं. हेल्मेट ऑनलाइन मागवू नको, दुकानात जा, आयएसआय मार्क बघ, घालून दहा मिनिटं तसाच उभा रहा, गाल घट्ट दाबले गेले पाहिजेत पण कपाळ दुखायला नको. मग पट्टा लावून मागून वर ओढायचं, पुढे निसटलं तर साइज मोठा आहे, सरळ परत दे.

ग्लोव्हज पण घेच. ताम्हिणी घाटात पहिल्या पावसात वळणावरच्या मातीवर मी घसरलो, स्पीड जेमतेम तीस, ग्लोव्हज बॅगेत होते आणि तळहाताची सालपटं निघाली, पंधरा दिवस घास पण नीट उचलता येईना.

गाडी म्हणशील तर रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० मस्तच आहे पण १९५ किलो आहे रे, उतारावर पार्किंगमधून मागे ओढताना कळतं. १२५-१५० सीसीने सुरुवात कर, दोन्ही पाय नीट टेकले पाहिजेत, एबीएसवाली (जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक होत नाही) मिळत असेल तर तीच घे. सेकंडहँड असेल तर आरसीवर लोनचा बोजा आहे का ते बघितल्याशिवाय टोकन देऊ नको.