लोलाच्या डब्याबद्दल

अगं पोरी,

तुझा मेसेज दोनदा वाचला. ९ एप्रिलची सुट्टी, कॉलेज बंद, फिलिपीन्सच्या दावाओत मरणाचं ऊन, आणि घरमालकीण लोलाने (लोला म्हणजे तिकडे आजी) कपाटावरून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काढून तुझ्यापुढे ठेवला. आत तिच्या वडिलांचा फोटो, चुरगळलेल्या नोटा आणि अमेरिकेकडून आलेलं एक नकाराचं पत्र. आणि तू मला विचारतेस, काका याच्यावर रील करू का. कर की. पण नंतर. मी लॉस बान्योसला भात संशोधनात अकरा वर्षं काढली आणि या बाबतीत एक मोठी चूक करून बसलोय, ती सांगतो शेवटी.

आधी ती सुट्टी कसली ते. आराव नंग कागितिंगान, म्हणजे शौर्यदिन. ९ एप्रिल १९४२ ला लुझोन बेटावरचं बाताआन जपान्यांच्या हाती पडलं तो दिवस. हरलेला दिवस शौर्यदिन म्हणून पाळतात हे मला सुरुवातीला विचित्रच वाटलं होतं, मग पानिपत आठवलं आणि गप्प बसलो. साधारण ७५ हजार सैनिक शरण गेले, त्यातले बहुतेक फिलिपिनो, आणि उपाशी, मलेरियाने खंगलेल्या त्या माणसांना जपान्यांनी शंभरेक किलोमीटर चालवत सान फर्नांडोपर्यंत नेलं, तिथून मालगाडीच्या डब्यांत कोंबून कापासला, छावणीत. त्या रस्त्यावर डेथ मार्चचे पांढरे किलोमीटरचे खांब आहेत. लुझोनला कधी गेलीस तर बघ.

पण लोलाचे वडील मिंडानाओचे, म्हणजे त्यांची गोष्ट वेगळी असणार. त्या नोटांवर मिंडानाओ इमर्जन्सी करन्सी असं काही छापलंय का बघ. असेल तर त्या बहुतेक गनिमी सैनिकांच्या नोटा, जपानी राज्य चालू असताना यांनी स्वतःचं चलन छापलं होतं! पडद्याचे पितळी रॉड कापून गोळ्या बनवायचे, कुंपणाच्या तारेवर टेलिग्राफ चालवायचे, आणि गाड्यांना इंधन म्हणून नारळाच्या ताडीची दारू. (गनिमी म्हटलं की आपल्या लोकांची लगेच छाती फुगते आणि महाराजांची तुलना सुरू होते, ती लोलापुढे करू नकोस प्लीज, तिला तिच्या वडिलांबद्दल बोलू दे.)

आता ते नकाराचं पत्र. रीलमध्ये हेच सुटेल म्हणून जरा लांबण लावतो. फिलिपीन्स तेव्हा अमेरिकेच्या ताब्यात. जुलै १९४१ मध्ये अमेरिकन अध्यक्ष रूझवेल्टने हुकूम काढून त्यांचं सैन्य अमेरिकन सैन्याच्या सेवेत घेतलं, पोरं लढली, मेली, आणि युद्ध संपल्यावर फेब्रुवारी १९४६ मध्ये अमेरिकन काँग्रेसने कायदा केला की यांची सेवा बहुतेक सवलतींपुरती अमेरिकन सैन्यातली सेवा धरायची नाही. लढताना आमचे, पेन्शनच्या वेळी तुमचे तुम्ही. मग ही माणसं पन्नास-साठ वर्षं भांडली. १९९७ मध्ये सत्तरी ओलांडलेल्या म्हाताऱ्यांनी व्हाइट हाऊसच्या कुंपणाला स्वतःला साखळ्यांनी बांधून घेतलं. शेवटी २००९ मध्ये, तेही मंदीच्या मदत पॅकेजच्या कायद्यात कुठेतरी घुसवून, एकरकमी पैसे मंजूर झाले, अमेरिकन नागरिक असेल तर १५ हजार डॉलर, नसेल तर ९ हजार. चाळीस हजारांवर अर्ज गेले आणि निम्म्याहून जास्त नाकारले गेले.

का नाकारले? यादीत नाव नाही. युद्धानंतर गनिमी म्हणून दहा लाखांहून जास्त लोकांनी दावे केले होते, अमेरिकन सैन्याने मान्य केले साधारण २,६०,०००. त्यात खोटे दावे होते हे खरंच आहे, काही टोळ्या तर नुसत्या लुटारू होत्या, ते लपवायचं कारण नाही. पण जंगलात लढणाऱ्या माणसाकडे कागद कुठला असणार, आणि सापडला असता तर अख्खं गाव मेलं असतं.  तरी नव्वदीतल्या म्हाताऱ्याला सांगायचे, तुमचं नाव आमच्या रेकॉर्डला नाही. २०१७ मध्ये अमेरिकन काँग्रेसने सगळ्यांना मिळून सुवर्णपदक दिलं, तो सोहळा चांगलाच होता, पण तोवर किती जण उरले होते गं.

म्हणून म्हणतो, आधी नाव लिहून घे. लोलाच्या वडिलांचं पूर्ण नाव, आईकडचं मधलं नाव धरून, स्पेलिंग तिलाच लिहायला सांग. तुकडी, कमांडर, गाव, सोबत कोण होतं. एका अक्षराच्या फरकाने तिकडे माणूस सापडत नाही. गनिमी तुकड्यांच्या बऱ्याच फायली आता स्कॅन होऊन ऑनलाइन आहेत, तुला इंग्रजी येतं आणि नेट आहे, लोलाला हे कोणी शोधून दिलेलं नसणार.

आणि पहिल्याच दिवशी फोन तिच्या तोंडासमोर धरू नकोस. आधी तिचा हात आपल्या कपाळाला लावून मानो कर, म्हणजे तिकडचा नमस्कार, जेव, भांडी घासायला उभी राहा. लढाईबद्दल विचारूच नकोस आधी, त्या काळात काय खायचात ते विचार. भूक आठवली की बाकीचं आपोआप येतं, मला तरी हाच अनुभव आहे. ती म्हणेल वडील नुसते स्वयंपाकी होते किंवा निरोप न्यायचे, तर तेही लिही. होसे कालुगास हा बाताआनला मेसचा सार्जंट होता, म्हणजे भटारखान्याचा माणूस. १६ जानेवारी १९४२ ला तोफेवरची माणसं पडलेली बघून हजार यार्ड गोळ्यांतून धावत गेला आणि ती तोफ परत चालू केली. त्याला मेडल ऑफ ऑनर मिळालं, अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक.

आईबद्दलही विचार. बायकांची नावं त्या याद्यांत अजूनच कमी. तू डॉक्टर होणार म्हणून सांगतो, होसेफिना गेरेरो नावाच्या बाईला कुष्ठरोग होता, अंगावरच्या जखमा बघून जपानी शिपाई तिची झडती घ्यायला जवळ येत नसत, आणि ती १९४५ मध्ये पाठीला नकाशा चिकटवून सुरुंग कुठे पेरलेत ते अमेरिकनांना सांगायला चालत गेली.

कागदांचं म्हणशील तर लॅमिनेशन करू नकोस, सेलोटेप तर अजिबात नको. खिडकीजवळच्या उजेडात फोटो काढ, पाठची बाजूही काढ, नावं बहुतेकदा मागेच लिहिलेली असतात. आणि अपलोड करण्याआधी तिच्या भावंडांनाही विचारून घे.

आता माझी चूक. २३ फेब्रुवारी १९४५ ला लॉस बान्योसच्या छावणीतून अमेरिकन पॅराट्रूपर आणि फिलिपिनो गनिमांनी २,१४७ कैदी सोडवले, बहुतेक अमेरिकन. एकदम सिनेमासारखा छापा, मिलिटरीवाले अजून अभ्यासतात. पुढच्या काही दिवसांत जपानी परत आले आणि आसपासच्या गावांतली दीड हजारांच्या आसपास माणसं मारली. ती छावणी होती कृषी कॉलेजच्या आवारात, मी रोज सायकलने तिथूनच जायचो आणि सहा वर्षं मला यातलं काही माहीत नव्हतं. आमच्या खाचरांत एक म्हातारे लोलो, म्हणजे आजोबा, रोपं लावायला यायचे. एकदा पावसात शेडखाली बसलो असताना त्यांनी सांगितलं, त्या आठवड्यात त्यांचे दोन भाऊ गेले. दोघांची नावं सांगितली, वयं सांगितली. माझ्या खिशात डायरी होती, त्यात मी त्या दिवशी फुटव्यांची मोजणी लिहिली. ती मोजणी अजून आहे माझ्याकडे.

मोठ्या भावाचं नाव ब वरून होतं एवढंच आठवतं. धाकट्याचं तेही नाही.

लोलाला माझा नमस्कार सांग, आणि नोटांचे फोटो पाठव, दोन्ही बाजूंचे.

तुझा काका